कपबशांच्या शेजारी सहा वर्षं

मित्रांनो, सहा वर्षं मी कपबशांच्या रांगेत काढली, पण मी कपबशी नाही. मी व्हिडिओ गेमचा एक जुना रिमोट आहे, हात हलवून खेळायचा. हाताची हालचाल मला कळते. माझ्या पोटात एक थरथरणारी मोटर आहे आणि मटाराएवढा स्पीकर आहे. कारखान्यातून निघताना वाटलं होतं, आता माणसं माझ्यामुळे खुर्च्या सोडून उठणार. कसलं काय!

कुवेतला नोकरी करणाऱ्या एका बाबांनी मला इजिप्तमधल्या मन्सूरा शहरातल्या आपल्या घरी, मुलांसाठी पाठवलं. पहिल्या दिवशी हातेम आणि शाहिंदा ही भावंडं टेनिस खेळून घामाघूम झाली. दुसऱ्या दिवशी हातेमला माझं बिंग कळलं. लपवत नाही, सांगूनच टाकतो. सोफ्यावर पडल्या पडल्या नुसतं मनगट झटकलं, तरी मी तो जोरदार फटका धरायचो. हातेम तसाच जिंकायला लागला.

“म्हशीसारखा लोळतोस काय? उभा राहून खेळ की!” तिसऱ्या दिवशी शाहिंदाने त्याला डिवचलं.

हातेम ताडकन उठला. माझी दोरी मनगटात न अडकवताच त्याने असा हात फिरवला, की मी सुटलो तो थेट नीशमध्ये. नीश म्हणजे पाहुण्यांच्या खोलीतलं काचेचं कपाट. मुलांची आई इन्साफ ते पुसायला उघडून बसली होती. आत शाहिंदाच्या लग्नासाठी जमवलेला चिनी मातीचा सेट होता. त्यातलं सुपाचं भांडं फुटलं.

इन्साफ ओरडली नाही. तिने मला उचललं आणि त्या भांड्याच्या रिकाम्या जागी ठेवलं. “आता तूच बस इथे, पोरीच्या लग्नापर्यंत!” कुलूप लागलं. किल्ली तिच्या गळ्यातल्या साखळीत गेली.

काचेतून सगळं दिसायचं, आणि त्याचाच जास्त त्रास व्हायचा. हातेमला बटणांचा नवा गेम मिळाला. मित्रांना तो माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, “ती हात नाचवायची थेरं. दोन दिवसांची मजा!” मला राग यायचा, पण मनातून वाटायचं, खोटं काय बोलतोय तो? पोटातल्या बॅटऱ्या कुणी काढल्या नाहीत. त्या पाझरल्या आणि तारांवर पांढरी पुटं चढली. शेजारी बारा कप होते. त्यांनी जन्मात चहा पाहिला नव्हता. ईद आली की इन्साफ आम्हाला पुसायची आणि पुन्हा कुलूप घालायची. जीव नुसता गुदमरायचा.

मग करीमाआत्या राहायला आल्या. त्या बाबांच्या थोरल्या बहीण. आयुष्यभर मुलींना शिवणकाम शिकवलं, आणि साखरेच्या आजाराने डोळे गेले. त्या पाहुण्यांच्या खोलीतल्या खुर्चीत बसायच्या, दोन्ही कोपरं अंगाला घट्ट चिकटवून. जेवायला हाक मारली तर “इथेच आणा” म्हणायच्या. वर्षभरात त्यांचं उठणंच बंद होत आलं. शाहिंदाला त्याची धास्ती वाटायची, आणि काचेआड मलाही.

एके दिवशी शाहिंदाला माझा आवाज आणि थरथर आठवली, ती तर न बघताही कळते! तिने किल्ली मागितली.

“एक भांडं गेलं, आता उरलेलंही फोडायचंय?” इन्साफ कडाडली.

“इन्साफ, माझे डोळे गेलेत, हात नाही,” खुर्चीतून आत्या म्हणाल्या.

इन्साफ वरमली. “तसं नाही हो, वन्सं,” म्हणत तिने कुलूप काढलं. शाहिंदाने माझं पोट लिंबाच्या रसाने साफ केलं आणि नव्या बॅटऱ्या घातल्या. जुना गेम माळ्यावरून खाली आला. आत्या उभ्या राहिल्या. इन्साफही उभी राहिली, नीशसमोर दोन्ही हात पसरून!

खेळ होता चेंडू घरंगळत सोडून दहा खुंट्या पाडायचा. शाहिंदाने माझी दोरी आत्यांच्या मनगटात नीट अडकवली. पहिले दोन चेंडू बाजूच्या खोबणीत गेले.

“आत्या, एवढा हात कशाला? मनगट झटका, तेवढं पुरतं,” हातेम सोफ्यावरून म्हणाला.

“तुला पुरतं रे, राजा. वर्षभर मी कोपरं आवळून बसलेय, कुणाचं काही पडेल म्हणून. हात लांब केला की कळतं, जागा किती आहे.”

हातेम उठला. त्याने मधलं टेबल बाजूला सरकवलं.

आत्यांनी हात पूर्ण मागे नेला आणि पुढे सोडला. मी त्यांच्या तळव्यात जिवाच्या आकांताने थरथरलो. चेंडू घरंगळला, आणि धडाड! दहाच्या दहा आडव्या!

“पडल्या? सगळ्या?” आत्यांनी विचारलं.

“सगळ्या, वन्सं, सगळ्या!” नीशची राखण सोडून इन्साफ टाळ्या पिटत होती.

आता मी टीव्हीखाली राहतो. रोज दुपारी आत्या स्वतः चालत येतात आणि चाचपून मला उचलतात. आपलं मोल काय, हा प्रश्न मला आता पडत नाही. खेळून झालं की शाहिंदा आठवणीने बॅटऱ्या काढते. तुम्हीही काढत जा.

फक्त समोर बघवत नाही. नीशला कुलूप आहे आणि बारा कप अजून आतच आहेत. मित्रांनो, तुमच्याही घरी फुटेल म्हणून कुलपात जपलेलं काही असेल. एखादं फुटेलही. पण त्याआधी एकदा त्यात चहा ओता.