संकासुराच्या खांद्यावरची शाल

"मालकानं खुर्चीत बसावं. तोंड रंगवलंस की माणसं सलाम विसरतील." गुहागरात तंबूचं थेटर चालवणाऱ्या बापाचा हा आवाज चाळीस वर्षांनीही रशीदशेठच्या कानात ताजा होता. म्हणून ओमानमधल्या सहम गावच्या आपल्या कांद्याच्या गोदामात त्यानं रंगमंच बांधला, नमनाचे खेळ करणाऱ्या कोकणी मंडळाला फुकट दिला आणि पहिल्या रांगेत स्वतःसाठी गादीची खुर्ची ठेवली.

नमन ऐन रंगात आलं की खुर्ची रिकामी. कारण काळ्या कापडाचं तोंड आणि लाल जीभ लोंबवत जो सोंगाड्या संकासूर नाचत येई, त्या कापडाआड खुद्द शेठ असे. हे ठाऊक होतं फक्त मृदंगवाल्या भिकाजीला. बाकीच्यांना वाटे, संकासूर लांबच्या दुक्म बंदरावरून येतो आणि खेळ संपताच ड्यूटी गाठायला पळतो.

आजाऱ्याला गावचं तिकीट शेठ काढी, मयताची पेटी शेठ धाडी. त्यामुळे त्याच्यापुढे माणसं अंग चोरून उभी राहत. संकासुराच्या पाठीत मात्र धपाधप धपाटे घालत. शेठला त्या धपाट्यांची भूक होती.

त्या शुक्रवारी संकासुरानं गिरकी घेतली नि म्हटलं,

"शेठ आमचा दानाचा धनी,
चहात घालतो भरपूर पाणी!"

गोदाम हसून गदगदलं. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष चंद्रहास शाल-नारळ घेऊन वर आले. शेठला गाफील ठेवून त्याचाच सत्कार ठरवला होता. शेठनी वर यावं, असं त्यांनी माइकवर तीनदा पुकारलं. दारात बघितलं, वजनकाट्यामागं बघितलं. शेठ असेल तर सापडेल. भिकाजी घाबरून उगाच मृदंग बडवत सुटला. आज कापड उतरलं की धपाटे कायमचे खलास, हे शेठला कळलं. मग त्यानं हात पाठीमागे बांधले, पोट पुढे काढलं आणि शेठची चाल चालून शालीसाठी खांदा पुढे केला. नक्कल इतकी बेमालूम उतरली की पुढची रांग हसता हसता थबकली.

चंद्रहासनी मग संकासुराला बाजूला सारून शेठच्या बायकोला, कुबराभाभींना, वर बोलावलं. शेठच्या वतीनं त्यांनीच मान घ्यावा म्हणाले. कुबरा सावकाश आली, शाल घेतली आणि सरळ संकासुराच्या खांद्यावर टाकली. लोकांना गंमतच वाटली, टाळ्या, शिट्ट्या. पुढच्या रांगेनं उठून संकासुराच्या पाठीत दोन सणसणीत धपाटे घातले.

त्या गलक्यात ती त्याच्या कापडी कानाशी वाकली.

"अवो, घामानं सुटलेला काळा रंग कानामागं ऱ्हातो. अकरा वर्सं तुमी निजलाव की मीच पुसतंय."