अड्यारच्या खोलीतला गारवा

मी एसी बोलतोय. खिडकीत बसवलेला, जुन्या धाटणीचा. आवाज घोगरा झालाय, समजून घ्या.

२००२ साली मला दक्षिणेत समुद्राकाठच्या अड्यारमधल्या एका संशोधन संस्थेत आणलं. वाटलं, कुणा साहेबाची दुपार सुखाची करायची असेल. पण खोलीत साहेब नव्हताच. मांडण्यांवर संगणक रचलेले होते आणि गारवा त्यांना हवा होता. माणसं कुडकुडत. पुण्याहून पीएचडीला आलेली क्षमा ऐन मे महिन्यात स्वेटर घालून बसायची. कॅन्टीनवाली कनका तिला हसायची.

दूर परदेशातल्या एका यंत्रात प्रोटॉनच्या प्रचंड वेगाने टकरी होत. त्यांची माहिती आमच्या संगणकांकडे यायची. त्यातून आजवर कुणी न पाहिलेला जड कण शोधायचा. असा कण जन्मताच फुटतो; मागे उरलेल्या तुकड्यांवरून त्याचं वजन काढायचं. हे सगळं माझ्या घरघरीत चालायचं.

एका उन्हाळ्यात आलेखावर उंचवटा दिसला. क्षमा ओरडलीच, "मॅडम, इथे काहीतरी आहे!"

तिच्या मार्गदर्शक हेमावतीबाई तंजावरी मराठी घराण्यातल्या. चष्मा वर सारून त्या बघत राहिल्या. "असेल. अजून माहिती येऊ दे."

त्यानंतर मला उसंत मिळाली नाही. खाऱ्या वाऱ्याने पाठ गंजली. नवी माहिती येत गेली, तसा तो उंचवटा बसत गेला.

"मॅडम, कुठल्या टकरी मोजायच्या ती निवडीची अट थोडी सैल केली तर तो टिकतो," क्षमा हळूच म्हणाली. "मी करून पाहिलंय."

"अट आपण कधी ठरवली होती?"

"माहिती बघायच्या आधी."

"मग आता कण नाही ग टिकत. तुझी इच्छा टिकते."

क्षमा रडली. बाई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "माझ्याही प्रबंधात काही सापडलं नव्हतं. सरि, ठीक आहे, लिहायला घे. या वजनापर्यंत असा कण दिसला नाही. पुढचा माणूस तिथून पुढे शोधेल."

तिने तसंच लिहिलं. पदवी मिळाली त्या दिवशी तिचे वडील वसंतराव खोली बघायला आले.

"मग, काय सापडलं?"

"काही नाही, बाबा."

"इतकी वर्षं?"

"हो."

खुर्चीवरचा तिचा स्वेटर उचलून त्यांनी नीट घडी घातली. "चल," म्हणाले, "आधी काहीतरी गरम खाऊ."

आता २००९ सरत आलंय. परदेशात आणखी मोठं यंत्र सुरू झालंय. इथे नवे संगणक येणार, भिंतीवर नवा एसी लागणार. हेमावतीबाई निवृत्त झाल्या. माझ्यातला गॅस टिकत नाही. उद्या मला भंगारात नेतील. खरं सांगू? दमलोय मी. जायला माझी ना नाही.

एवढंच करा. मला उतरवलंत की खिडकीचं भोक लगेच बुजवू नका. आत बसणाऱ्या पोरांना घटकाभर बाहेरची ऊब लागू द्या.