हंबीररावांनी डिस्क वाढवली

ओवीला भरवायला बसलं की निम्मा वरणभात तिच्या पोटात जायचा, थोडा केसांत, आणि उरलेला आईच्या कुर्त्यावर. संयोगिताने आता त्याचं वाईट वाटून घेणं सोडून दिलं होतं. म्हणून कुशलभाईंचा फोन वाजला तेव्हा तिने तो करंगळीने उचलला, स्पीकरवर टाकला आणि पुढचा घास पुढे केला.

"संयोगिता, प्रतापनगरच्या सोनोग्राफी सेंटरची मेल सकाळपासून ठप छे." कुशलभाई जन्माचे बडोद्याचे, मराठी झकास बोलायचे, पण गुजराती मध्येच डोकावून जायची. "एक पण रिपोर्ट बाहेर गेला नाही. डॉक्टरबाईंनी मला सीधा फोन केला. मला! समजली ने?"

"बघते लगेच."

"बघच. आणि आपलं काय ठरलंय, ते लक्षात आहे ने?"

लक्षात कसं नसणार. कुशलभाईंची कंपनी लहानशी. दवाखाने, शाळा, गोदामं यांचे सर्व्हर सांभाळायची. ओवी झाल्यावर संयोगिता कामावर परतली ती एकच गोष्ट मागून: घरून काम. कुशलभाईंनी डोकं खाजवलं, मग "चाल, जोईए, बघूया" म्हणाले. पण ती घरी आहे म्हणून एखाद्या गिऱ्हाइकाचं काम अडून राहिलं, तर मग ऑफिसात यायचं. तिच्या गोत्रीच्या घरापासून ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि ओवी बाटली दिसली की तोंड असं फिरवायची की जणू कोणी कारल्याचा रस आणलाय. म्हणजे ऑफिसात यायचं याचा अर्थ नोकरी सोडायची, हे दोघांनाही कळत होतं. बोललं मात्र कोणीच नव्हतं.

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत बघ," कुशलभाई म्हणाले. "नाहीतर माझा माणूस जाईल, आणि सोमवारपासून तू इकडे."

"नाही लागणार," ती म्हणाली. म्हणाली खरी.

पृथ्वीराज, तिचा नवरा, नंदेसरीला पहिल्या पाळीवर होता; कारखान्यात फोन आत नेऊ देत नसत. सासूबाई नणंदेकडे साताऱ्याला. घरात त्या दोघीच. तिने लॅपटॉप ओट्यावर ठेवला, ओवीला कडेवर घेतलं आणि एका हाताने सर्व्हरमध्ये शिरली.

हे तिला आवडायचं, अगदी मनापासून. लिनक्सचा सर्व्हर रुसला तरी का रुसला ते कुठेतरी लिहून ठेवतो. आपण शांतपणे वाचायचं असतं. मेलची सेवा पडलेली होती. तिने ती उठवली. ती उठली आणि पुन्हा बसली. नोंदी वाचल्यावर कारण दिसलं: मेल जिथे साठवायची ती जागाच सापडत नव्हती.

सेंटरच्या सर्व्हरच्या पोटात एक छोटी डिस्क होती, तिच्यावर लिनक्स. आणि शेजारी वेगळ्या काळ्या डब्यात एक मोठी डिस्क, तिच्यावर सोनोग्राफीची सगळी चित्रं, रिपोर्ट आणि मेलची पेटी. ती मोठी डिस्क सर्व्हरला दिसत नव्हती. घरातली एखादी खोलीच नाहीशी व्हावी तशी.

तिने सेंटरला फोन लावला. तिथला कारभार हंबीररावांकडे. पांढऱ्या मिशा, ताठ पाठ. घराणं पिढ्यान् पिढ्या गायकवाडी फौजेतलं. आता फौज राहिली नव्हती, म्हणून ते वेटिंग रूमवर पहारा करायचे.

"जय श्रीकृष्ण, काका. संयोगिता बोलतेय."

"बोल गं ताई. छोकरी मजेत?"

"मजेत. काका, काल मशीनला कोणी हात लावला होता का?"

"कोणाची टाप आहे! मी बसलोय ना इथे."

"तुम्हीसुद्धा नाही?"

"मी? मी जाताना डिस्क वाढवली, तेवढंच. सर्व्हरला बोटसुद्धा लावलं नाही. तू बजावलंयस ना, त्याला शिवायचं नाही म्हणून."

संयोगिताचा जीव भांड्यात पडला. हे तर सरळच झालं! गेल्याच आठवड्यात तिने सेंटरला कळवलं होतं की डिस्क भरत आली आहे, मोठी आणा. आणली वाटतं. आणि काकांनी स्वतःच बसवली, म्हणजे कमालच.

"अरे वा, काका! केबल घट्ट आहे ना?"

"केबलला काय झालंय? एकदम घट्ट."

"आणि त्या डब्याचा..."

डब्याचा दिवा लागलाय का, हे विचारायचं होतं. पण तेवढ्यात ओवीने कडेवरून झेप घेऊन वाटी गाठली आणि वरणभात लॅपटॉपच्या दिशेने निघाला. "मागाहून करते काका!" म्हणत तिने फोन ठेवला, वाटी झेलली, आणि दिव्याचा प्रश्न त्या गडबडीत कुठल्या कुठे गेला.

आता तिच्या डोक्यात सगळं लख्ख होतं. नवी डिस्क आली. त्यात सर्व्हरने रात्री आपल्या आपण नवी आवृत्ती चढवून घेतलेली. म्हणजे गडबड ड्रायव्हरची. ड्रायव्हर म्हणजे लिनक्स आणि यंत्र यांच्यामधला दुभाषी. दुभाष्यालाच नवी भाषा येत नसेल, तर दोघं समोरासमोर बसूनही एकमेकांना ओळखणार नाहीत. सोपं आहे. दुभाष्याला ताळ्यावर आणायचं.

तिने ड्रायव्हर उतरवला, पुन्हा चढवला. डिस्क नाही. लिनक्सला सांगितलं, सगळ्या खोबणी परत एकदा चाचपून बघ. त्याने बघितल्या. नाही. मग आदल्या आवृत्तीवर मागे नेऊन सर्व्हर पुन्हा सुरू केला, आणि तो वर येईपर्यंत ओवीला मांडीवर घेऊन घोडा-घोडा खेळली. सर्व्हर आला. डिस्क नाही. ओवीने मध्येच कीबोर्डवर दोन्ही पंजे आपटले. तिच्या हुकमाला लिनक्सने अदबीने उत्तर दिलं की असा हुकूम आमच्याकडे नाही.

"आईलाही तसंच सांगतोय तो," संयोगिता तिला म्हणाली. ओवी खदखदून हसली. पुढचे दोन दात नुकते दिसू लागले होते.

कुशलभाईंचा संदेश आला: शुं थयुं?

तिने लिहिलं: ड्रायव्हर बघतेय.

माणूस पाठवू?

तिने फोन पालथा ठेवला. बाहेर सोसायटीच्या गेटवर भाजीवाला ओरडत होता, कोणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. जेवणाची वेळ जवळ आली होती. आपण इतकं सगळं केलं आणि डिस्क ढिम्म. ओवीला झोळीत घ्यावं, रिक्षा करावी आणि सरळ प्रतापनगर गाठावं. पण मग कुशलभाई म्हणणार, बघ, जावं लागलंच ने? आणि त्यांचं चुकलेलंही नसणार.

शेवटी तिने दुपटं, लंगोट, खुळखुळा असं एकेक पिशवीत टाकायला घेतलं आणि फोन कानाशी धरला.

"काका, मीच येते म्हणते तिकडे. मुलीला घेऊन."

"ये की! इथे येणारी सगळी लेकरं पोटातून येतात, तुझी बाहेरून येईल. थांब हं जरा." आणि फोन हातात तसाच ठेवून हंबीरराव आत वळून म्हणाले, "रखमाबाई, डॉक्टरबाई जेवायला निघाल्या. आतला एसी वाढवा. दिवे पण वाढवा."

लांबून रखमाबाईंचा आवाज आला, "वाढवले की! आत पार काळोख झालाय. आता केर कसा काढू, चाचपडत?"

संयोगिताच्या हातातला खुळखुळा हातातच राहिला.

दिवे वाढवले, आणि काळोख झाला.

तिला एकदम आजोळ आठवलं. तिथे कोणाच्या हातातली बांगडी फुटली, असं कधी म्हणायचे नाहीत, वाढली म्हणायचे. संध्याकाळी गल्लीतला किराणावाला दुकान वाढवायचा. नारळ तर अजूनही वाढवतातच.

"काका," ती हळूच म्हणाली, "दिवे वाढवले म्हणजे?"

"म्हणजे वाढवले."

"म्हणजे बंद केले?"

"श्श! हळू बोल, बाई! तुझा फोन बाहेर ऐकू जातो." पावलांचा आवाज झाला, हंबीरराव कोपऱ्यात सरकले असावेत. मग ते दबक्या आवाजात म्हणाले, "बाहेर सगळ्या बाया बसल्यात. मागे एकदा इथलं मशीन अडलं. आणि आतून कोणीतरी ओरडलं, बंद पडलं, बंद पडलं! टेबलावर पहिलटकरीण पोरगी. तिला वाटलं, बाळाचं... रडून रडून अर्धी झाली बिचारी. बाळ आत मजेत लाथा मारत होतं. पण ती काही केल्या ऐकेना. तेव्हापासून तो शब्द आमच्या उंबऱ्याच्या आत नाही. मी येऊ देत नाही."

संयोगिता चिडणार होती. सगळी सकाळ गेली होती या एका शब्दापायी. पण चिडायला गेली आणि तिला तेच टेबल आठवलं. पोटावर लावलेलं गार जेल, आणि धडधड ऐकू येण्याआधीची ती शांतता. त्या वेळी कोणी दाराशी नुसतं 'बंद' म्हटलं असतं, तर तीही टेबलावरून उठून बसली असती. ओवी मांडीवर बसून आईच्या ओढणीचं टोक चावत होती. संयोगिताने तिच्या टाळूवर हनुवटी टेकली.

"मग काका, डिस्क वाढवली म्हणजे डब्याचं बटण..."

"हो गं. आज लाइट जाणार अशी सूचना होती. येताना झटका बसतो. आमच्या घरचा टीव्ही तसाच गेला. म्हटलं, लोकांची लेकरं आहेत त्या डब्यात, त्यांना झटका नको. सर्व्हरला शिवायचं नाही, म्हणून डबा तेवढा वाढवला."

"मग गेली का लाइट?"

"कुठली! गेलीच नाही."

"आणि बटण परत लावायचं राहिलं?"

"मी कशाला लावू?" हंबीररावांना खरोखरच नवल वाटलं. "तू सगळं तिकडूनच करतेस ना? मला वाटलं, हेही करशील."

संयोगिताला हसू आवरेना. तिला हसताना पाहून ओवीही हसायला लागली, काही न कळता, सगळं अंग हलवून.

"बटण इथून नाही दाबता येत, काका. ते तुम्हीच."

"उजळू मग?"

"उजळा."

फोनमधून टक् असा आवाज आला, मग बारीकशी घरघर. इकडे पडद्यावर एकामागून एक ओळी उमटल्या. डिस्क सापडली. तीच, जुनी. गेला आठवडाभर नवीचा तर पत्ताच नव्हता. बिचाऱ्या ड्रायव्हरवर उगाच आळ.

पण लगेच मेल सुरू करून चालणार नव्हतं. चालत्या कामातून डिस्कचं बटण दाबलं गेलं होतं. काही अर्धवट लिहिलेलं राहिलं असेल, तर आधी तपासायला हवं. तिने तपासणी लावली. मोठी डिस्क, वेळ घेणारच. आता करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि ओवी डोळे चोळायला लागली होती. संयोगिताने लॅपटॉप स्टुलावर ठेवला, भिंतीला टेकून खाली बसली आणि तिला ओढणीखाली घेतलं.

पडद्यावर आकडे हळूहळू वर चढत होते. ओवी घटाघटा पीत होती, मधूनच थांबून आईकडे बघून घेत होती, आहेस ना म्हणून. एक हात वर करून तिने आईचं नाक धरलं. मग पकड सैल झाली. श्वास लांबले. तपासणी संपली तेव्हा संयोगिताने जागची न हलता, पाय लांबवून स्टूल ओढलं, लॅपटॉप जवळ घेतला आणि एका हाताने शेवटचे हुकूम दिले. दोन-चार किरकोळ जखमा होत्या, त्या तपासणीतच बुजल्या होत्या. चित्रं शाबूत. डिस्क जागेवर. मेलची सेवा उठली आणि या वेळी उभीच राहिली. सकाळपासून रांगेत खोळंबलेले रिपोर्ट भराभरा बाहेर पडू लागले.

"काका," ती फोनवर पुटपुटली, "बघा बरं, गेले का."

"डॉक्टरबाई हसतायत," हंबीरराव म्हणाले. "म्हणजे गेले."

थोड्या वेळाने कुशलभाईंचा फोन आला. तिने सगळं सांगितलं, दिव्याचं विचारायचं राहिलं तेही. लपवण्यात अर्थ नव्हता.

"वधावी!" ते मोठ्याने हसले. "अरे, आमच्यात पण दुकान वधावेच छे! मला विचारायचं ने!" मग हसू ओसरलं. "पण संयोगिता, एक बात सांगू? तू तिथे उभी असतीस, तर डब्यावर दिवा नाही हे बघितल्या बघितल्या कळलं असतं."

"हो," ती म्हणाली. "कळलं असतं."

संयोगिताने ओवीच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले. जे काय असेल ते आता कळणारच होतं.

"तुला फोन करायच्या आधी मी हंबीरकाकांशी बोललो," कुशलभाई म्हणाले. "म्हटलं, पुढच्या वेळेपासून माझा माणूसच पाठवत जातो. तर माझ्यावर खवळले! म्हणतात, तुझा माणूस पाने-पक्कड घेऊन धावत येतो, वेटिंग रूममध्ये उभा राहून फोनवर बोंबलतो, बाया घाबरून जातात. आज सकाळपासून एवढं चाललं होतं, आणि बाहेर बसलेल्या एकीलाही पत्ता लागला नाही. म्हणतात, ही पोरगी हळू बोलते, आम्हाला हीच पाहिजे." ते थांबले. "खरंच, तू इतकी हळू का बोलते? आत्ता पण मला कान देऊन ऐकावं लागतंय."

"ओवी झोपलीय," संयोगिता म्हणाली. "घरात नेहमीच ती एकतर झोपलेली असते, नाहीतर झोपायच्या बेतात."

"असं!" कुशलभाई म्हणाले, आणि त्यांचाही आवाज एकदम खाली आला. "मग सोमवारी इकडे नको येऊ. घरीच रहा. पण हवे पछी, यापुढे, दर वेळी आधी दिवा विचारायचा."

"विचारेन."

"आधी दिवा, मग ड्रायव्हर."

"आधी दिवा," तिने कबूल केलं.

खरं म्हणजे एवढ्यावर फोन ठेवता आला असता. पण कुशलभाईंना एका शाळेच्या सर्व्हरबद्दलही बोलायचं होतं, आणि काळ्या डब्यासाठी नवी डिस्क अजून का आली नाही तेही शोधायचं होतं. मग गोत्रीत एक बाई आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला एक जाडजूड गृहस्थ, दोघंही पुढच्या आठवड्याची कामं कुजबुजत ठरवू लागली.