बसलेला बल्ब आणि उभा बल्ब

कारखान्यात तिला सगळे पुन्हाबाई म्हणत. अगदी तोंडावर. बल्बची काच मोजून झाली की ती म्हणायची, "पुन्हा." आतल्या तारेची उंची मोजून झाली की परत तेच, "पुन्हा." घरीही वेगळं नव्हतं. गॅसचं बटण तीनदा बघून निघायचं, आणि सव्वा वर्षाची लेक झोपलेली असली तर तिच्या नाकाखाली बोट धरल्याशिवाय हिचा पाय दाराबाहेर पडत नसे.

"अगं, श्वास घेतेय म्हणूनच घोरतेय ना ती?" सासूबाई कुजबुजत ओरडायच्या. "उठवलीस तर तूच झोपव मग!"

कारखाना लहान होता. दोन शेड, एक लांबलचक टेबल आणि त्याच्याभोवती नऊ माणसं. गाड्यांच्या पुढच्या दिव्यांचे बल्ब करायचे, एवढंच काम. यंदा मात्र त्यांनी स्वतःचा नवा बल्ब काढला होता. जुने बल्ब बुडावर बसायचे. याला कमरेभोवती पत्र्याची गोल पट्टी होती. ती पट्टी बसवायचं काम ज्यांचं, त्यांना सगळे कॉलरकाका म्हणत. बल्ब दिव्यात घालून जरा फिरवला की 'टक्' असा आवाज यायचा. टक् झालं की बसला, हे टेबलावरचं प्रत्येक जण डोळे मिटून सांगू शकत होतं.

पण नुसतं टक् होऊन भागत नव्हतं. गाडीचा बल्ब गेला, तर माणसाला कुठल्याही दुकानातून तसाच दुसरा घेऊन लावता आला पाहिजे, असा सरकारचा नियम. म्हणून नव्या प्रकारच्या बल्बची सगळी मापं आधी सरकारी नोंदवहीत चढवायची. ती वही सर्वांना खुली. नोंद नाही तर विक्री नाही.

मापं भरायचा फॉर्म चार पानांचा होता. तिने तो भरला, सोबत नमुन्याचे बल्ब जोडले आणि 'माहिती देणारी व्यक्ती' यापुढे स्वतःची सही केली. बाळंतपणानंतर कामावर परतल्यापासूनची ही तिची पहिली मोठी सही. घरी येऊन तिने ती नवऱ्याला हवेत बोटाने काढून दाखवली होती.

फॉर्म परत आला. वर शिक्का: 'प्रश्न सात. माहिती वस्तूशी जुळत नाही.'

प्रश्न सात होता, 'बैठकीपासून तारेपर्यंतचे अंतर'. तिने लिहिलं होतं सव्वीस मिलिमीटर. तिने वीस बल्ब मोजले. सव्वीस. पुन्हा मोजले. सव्वीसच. तोच आकडा परत पाठवला, आणि तोच शिक्का परत आला.

"पुन्हाबाईंनी पुन्हा मोजलं, आणि फॉर्म पुन्हा आला!" टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. कॉलरकाका तेवढे हसले नाहीत.

"माझी कॉलर वाकडी आहे म्हणतात का ते लोक?" त्यांनी विचारलं. "एकतीस वर्षं झाली मला पत्रा हातात धरून."

"नाही हो काका. कॉलर सरळच आहे."

"मग तुझं मोजणं वाकडं म्हणायचं."

हे तिला झोंबलं. मालकांनी तर तिला आत बोलावून अगदी हळू आवाजात सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "तिसऱ्यांदा परत आला की फाईल बंद. मग दोन वर्षं अर्ज करता येणार नाही. दोन वर्षं हे टेबल काय करणार, तूच सांग."

त्या दुपारी तिने नोंदणीचे बावीस पानांचे नियम काढले. ते आजवर कुणी पूर्ण वाचले असतील असं वाटत नव्हतं. पानं एकमेकांना चिकटलेली होती. एकोणिसाव्या पानावर तिला हवं ते सापडलं आणि तिने थेट कार्यालयात फोन लावला.

"मोजणीच्या वेळी मला हजर राहायचंय."

"बाई, असं कुणी येत नाही," पलीकडचा कारकून म्हणाला.

"पण येता येतं ना? पान एकोणीस, खालून तिसरी ओळ."

बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. "येता येतं खरं," तो नाराजीने म्हणाला.

गुरुवारी सकाळी ती गेली. खांद्याला लेकीची पिशवी होती, कारण गाडीचा अख्खा दिवा मावेल एवढी दुसरी पिशवी घरात नव्हती. दिवा लेकीच्या दुपट्यात गुंडाळला होता. दारातून निघताना सासूबाई म्हणाल्या, "पोरीला घरी ठेवतेस आणि दिव्याला दुपटं! जा, जिंकून ये. आणि दर दहा मिनिटांनी फोन करू नकोस."

मोजणीची खोली थंड आणि चकचकीत होती. मोजणीसाहेब वयस्क, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलायला मऊ. त्यांनी बल्ब एका छोट्या स्टँडच्या भोकात सोडला. बूड भोकात गेलं आणि पट्टी खालच्या अंगाने स्टँडच्या कडेवर टेकली. साहेबांनी भिंग फिरवलं, आकडा वाचला. "सत्तावीस पूर्णांक दोन. बघा, तुम्ही सव्वीस म्हणता."

ती पुढे वाकली. "पुन्हा मोजता का?"

साहेबांनी मोजलं. सत्तावीस पूर्णांक दोन.

म्हणजे एक पूर्णांक दोन जास्त. हा आकडा कुठे पाहिलाय? लेकीच्या लशींच्या तारखा तिला पाठ होत्या, तसाच हाही कुठेतरी पाठ होता. आणि एकदम आठवलं. कॉलरकाकांचा पत्रा! रोज सकाळी ती त्याची जाडी मोजायची. एक पूर्णांक दोन.

"साहेब, बैठक कुठली धरलीत?"

"कुठली म्हणजे? बल्ब जिच्यावर बसलाय ती."

"पण तो बसलेलाच नाही," ती म्हणाली. "तो उभा आहे."

साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

तिने पिशवीत हात घातला. आधी खुळखुळा निघाला आणि त्या शांत खोलीत भलताच वाजला. मग दुधाची रिकामी बाटली. मग एकदाचं दुपटं. तिने दिवा टेबलावर पालथा ठेवला, साहेबांच्या स्टँडमधला बल्ब उचलला, दिव्याच्या पाठीतून आत घातला आणि फिरवला.

टक्.

"हा बसला," ती म्हणाली. "आता बघा, पट्टी कुठल्या अंगाने टेकलीय. वरच्या. काचेकडच्या. आमची बैठक ही. तुमच्या स्टँडवर तो खालच्या अंगाने टेकतो, म्हणून पत्र्याची जाडी मापात येते. जुन्या बल्बांना पट्टीच नव्हती, म्हणून कधी फरक पडला नाही. पण गाडीत स्टँड नसतं साहेब, दिवा असतो."

साहेब वाकले. त्यांनी नखाने पट्टीची कड चाचपली, मग बल्ब काढून वरच्या अंगापासून तारेपर्यंत मोजलं. आकडा वाचला. भिंग पुसलं.

"पुन्हा," ते स्वतःशीच म्हणाले.

मोजताना तो शब्द आज पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या तोंडून आला होता. तिला हसू आवरेना. तिने खुळखुळा घट्ट धरून ठेवला.

"सव्वीस," साहेब म्हणाले. "बरोबर सव्वीस." आणि त्यांनी शिक्क्यांच्या डब्यातून दुसरा शिक्का काढला, जो तिने अजून पाहिला नव्हता. 'नोंद मंजूर.'

ती उठत होती तेवढ्यात साहेबांनी फॉर्मचं शेवटचं पान तिच्याकडे सरकवलं. तळाशी एक चौकट होती: 'ही माहिती गोळा करण्यास किती वेळ लागला? फॉर्म सुधारण्यासाठी सूचना.' वर छापलं होतं, 'सरासरी चार तास.'

"इथे सगळे आडवी रेघ मारतात," साहेब म्हणाले. "तुम्ही मारू नका. इथे लिहिलेल्या प्रत्येक सूचनेला आम्हाला लेखी उत्तर द्यावं लागतं. नियमच आहे."

तिने लिहिलं: 'सदतीस तास. पैकी तीन तास माहिती गोळा करायला आणि चौतीस तास बैठक म्हणजे काय ते कळायला.' खाली एक सूचना लिहिली. ती तीनदा वाचली आणि सही केली.

कारखान्यात परतल्यावर तिने मंजुरीचा कागद टेबलाच्या मधोमध ठेवला. सगळी माणसं त्यावर वाकली. मग असा काही गलका उठला की मालक धावत बाहेर आले. त्यांना वाटलं, काच फुटली.

"फरक किती निघाला?" कॉलरकाकांनी विचारलं.

"एक पूर्णांक दोन. तुमचा पत्रा."

"माझा पत्रा? कमी-जास्त होता?"

"केसाएवढाही नाही काका. तो इतका बरोबर होता म्हणून तर चूक सापडली."

काकांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

चार महिन्यांनी नव्या बल्बची खोकी रचताना टपालात सरकारी पाकीट आलं. आत सुधारलेला फॉर्म. काकांनी तो तिच्या हातून घेतला आणि टेबलावर चढून मोठ्याने वाचला.

"'प्रश्न सात. बैठक म्हणजे बल्ब दिव्यात बसल्यावर ज्या अंगाने टेकतो ते अंग. टेबलावर ज्यावर उभा राहतो ते नव्हे.' अरे, हे तर आपल्या पुन्हाबाईंचं बोलणं! 'नव्हे' सकट!"

"खाली वेळ किती दिलाय?" तिने विचारलं.

"सरासरी तीन तास."

तिने घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलताच विचारलं, "काय झालं? पोर झोपलीय, श्वास घेतेय, गॅस बंद आहे."

"ते नाही विचारत आई," ती म्हणाली. "तुम्ही आधी खाली बसा. मला तुम्हाला एक ओळ वाचून दाखवायचीय."

टेबलावरून काका ओरडले, "अहो पुन्हाबाई, आधी इकडे या! यांना परत ऐकायचंय!"