साखराबाईचा घाम

वाटूरच्या साखराबाईला मंगळवारच्या आरतीत घाम फुटला आणि गावात देवी उतरली. आता घाम कुणाला येत नाही? पण हिचं तोंड लालबुंद झालं, तिनं पदर भिरकावला आणि बायांना म्हणाली, "सरका गं, जीव गुदमरून राह्यला." झालं! पुजारी पुंजारामनं लगोलग नारळ फोडला. शेतकरी बद्रीनाथनं हात जोडून विचारलं, "माय, बोअर घेऊ का?"

"माझं डोकं नको खाऊ," साखराबाई म्हणाली. बद्रीनाथनं तिथूनच फोन लावून बोअरची गाडी परत पाठवली.

नवरा मल्हारीची छाती दोन बोटं फुगली. त्याच्या आईच्या, गोजरबाईच्या अंगात तीस वर्षं देवी येत होती, देवीची परडी तिच्याकडंच. म्हातारी आता थकली, तेव्हा पुढच्या मंगळवारी परडी सुनेच्या पदरात घालायची, असं ठरूनही गेलं. साखराबाईला कुणी विचारलं का? छे, तिला कशाला विचारायचं! पण त्या घराची रीत अशी, की परडी घेतलेल्या बाईनं दुसऱ्याच्या चुलीला हात लावायचा नाही. आणि साखराबाई बारा वर्षं शाळेत खिचडी शिजवत होती. दीडशे लेकरं तिला मावशी म्हणत. ते सगळं आता सुटणार होतं.

साखराबाईची सून मोनिका डोक्यानं तल्लख. "आत्या, घाम देवळातच येतो का?"

"न्हाई गं. भांडी घासताना बी येतो."

"मंग देवी भांडी घासायला येती का?" मोनिका म्हणाली आणि सासूला मंठ्याला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली.

भावना डॉक्टरांनी नीट तपासलं. पाळी जायचं वय आहे, म्हणाल्या. कॅल्शियम लिहून दिलं, आणि पोट सदा गच्च राहायचं त्यासाठी कॅप्सूलची डबी दिली. "यात चांगले जंतू आहेत. जिवंत."

"जिवंत? अन् गिळायचे?"

"दही-ताक घेता ना? त्यातही असतातच."

"मंग आमच्या घरी ते पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला हैत की."

डॉक्टरीणबाई हसल्या. "ताक प्याच. पण या गोळ्यांनी घाम थांबेल असं मी म्हणत नाही. पोट हलकं राहील. जवसाची चटणी खा, चहा कमी करा, चाला. जास्तच त्रास झाला तर परत या, दुसरं औषध बघू."

मल्हारीनं डबी बघितली आणि तो भडकला. "गोळ्या घालून देवीला हाकलती व्हय?" मग दोन दिवस तो बोललाच नाही. साखराबाईला तेवढीच शांतता मिळाली.

मंगळवार उजाडला. देवळात मुंगी शिरायला जागा नव्हती. गोजरबाईनं परडी उचलली, आणि नेमका तेव्हाच साखराबाईला घाम फुटला. पुंजाराम नारळाकडं धावला.

"थांबा," साखराबाई म्हणाली. आज गप्प बसलं तर शाळा गेली. "ही देवी न्हाई. माझी पाळी चालली. डॉक्टरीणबाईनं गोळ्या दिल्यात."

बायांनी पदर तोंडाला लावले. पुरुषमंडळी एकदम छताकडं बघू लागली. मल्हारीला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. सगळ्यांच्या नजरा म्हातारीवर. आता ही सुनेला सोलून काढणार!

गोजरबाईनं विचारलं, "आधी छातीत पेटतं? मंग मान, मंग कान?"

"व्हय, आत्याबाई."

"अन् जरा येळानं हुडहुडी?"

"व्हय."

म्हातारीनं परडी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "मला बी असंच आल्तं. उकडतंय म्हणले, तर तुझा सासरा म्हणायचा, भाकरी थाप. चार वर्षं म्हणत व्हते. कुणी घोटभर पाणी इचारलं न्हाई. मंग एक दिवस देवी म्हणले, अन् सारं गाव वारा घालायला लागलं."

साखराबाईला रडू कोसळलं. ती म्हातारीच्या गुडघ्याला धरून खाली बसली.

गोजरबाईनं परडी स्वतःच्या मांडीवर परत घेतली. "माझी देवी माझ्यापाशी राहू द्या. ही शाळेत जाईल." मग तिनं लेकाकडं बघितलं. "मल्हारी, बघतो काय? उपरणं काढ. बायकोला वारा घाल."

आणि भरल्या देवळात, साऱ्या वाटूरच्या डोळ्यांदेखत, मल्हारी वारा घालू लागला.