फाटकवाल्याची लेक

माझ्या सासूबाईंनी किती बोटी कालव्यातून पार केल्या याची गणती नाही, पण स्वतः त्या एकदाही पार झाल्या नव्हत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला याचा पत्ता नव्हता. कळलं ते परवाच्या उन्हाळ्यात, त्या, माझी बायको आणि मी असे तिघं बटाटे सोलत बसलो होतो तेव्हा.

त्यांचं नाव लेओकादिया. वडील आमच्या पोलंडमधल्या आउगुस्तुव कालव्यावर फाटकवाले होते. दोन तळ्यांच्या मध्ये एक दगडी हौद, त्याला दोन्ही टोकांना लाकडी फाटकं, प्रत्येकाच्या दोन बाजू. वरच्या तळ्यातून बोट हौदात घ्यायची, मागचं फाटक लावायचं आणि पुढच्या फाटकातली झडप उघडून पाणी सोडायचं. पाण्याबरोबर बोट खाली उतरते, मग पुढचं फाटक उघडलं की खालचं तळं. आमच्याकडे हे अजून हातानंच चालतं. सासूबाईंना शाळेत घातलं त्याच वर्षी त्यांच्या वाट्याला फाटकाची एक बाजू आली. फाटकाच्या लांब तुळईला पाठ लावून ढकलायचं आणि बोट बाहेर पडली की काठावरून ओरडायचं, "तळाखाली वीतभर पाणी असू दे!" बोटीचा तळ कुठे टेकू नये म्हणून जाणाऱ्याला हा आशीर्वाद द्यायचाच, अशी कालव्याची रीत आहे.

"तुम्हाला कधी बसावंसं वाटलं नाही, आई?" मी विचारलं.

"वाटायचं की. पण जावईबापू, मी बसले असते तर फाटक कुणी ढकललं असतं? आमच्या शेळीनं?"

पुढे लग्न होऊन त्या शहरात आल्या, शिवणकामाच्या कारखान्यात लागल्या, आणि राहून गेलं ते राहूनच गेलं. आता खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं. "पुढच्या वर्षीचं मी कुणाला वचन देत नाही," असं त्या हसत म्हणाल्या, पण माझ्या बायकोच्या, बोगनाच्या, हातातली सुरी थांबली. त्याच संध्याकाळी मी फोन करून बोट ठरवली. हंगामाचा शेवटचा दिवस तेवढा मोकळा मिळाला. दुसऱ्या दिवसापासून फाटकं वसंतापर्यंत बंद.

आणि त्या शेवटच्या दिवशी आभाळ फाटलं.

आम्ही चौघं होतो: सासूबाई, बोगना, आमची सोळा वर्षांची इगा आणि बोट चालवायला मी. हौद समोर दिसायला लागला तसा वारा सुटला. तळ्यावर लाटा उठल्या, विजा कडाडायला लागल्या. सेवेरिन नावाचा हल्लीचा फाटकवाला काठावर येऊन दोन्ही हात हलवत ओरडला, "बांधून ठेवा! विजा थांबेपर्यंत मी झडपेच्या लोखंडाला हात लावणार नाही!"

त्याचं बरोबर होतं. पण माझा स्वभाव तापट. मी आभाळाला शिव्या घातल्या, हवामानखात्याला घातल्या, बोट भाड्यानं देणाऱ्यालाही घातल्या. "तुमच्या शिव्यांनी पाऊस थांबला असता तर पोलंडचं वाळवंट झालं असतं," सासूबाई म्हणाल्या आणि काठी टेकत उतरून फाटकवाल्याच्या घराच्या पडवीकडे गेल्या.

ते घर त्यांचंच की! त्याच घरात त्या जन्मल्या. पण त्यांनी तसा शब्दही काढला नाही. पाहुण्यासारखं दारात उभं राहून विचारलं, "पडवीत बसलं तर चालेल का?" थोड्या वेळानं जवळच्या सुवाल्की शहरातून सहलीला निघालेल्या सहा नर्सेस छोट्या होड्या ओढत आल्या, नखशिखांत भिजलेल्या. सासूबाईंनी त्यांना आपली शाल दिली, इगाचं जाकीट उतरवून दिलं आणि आम्हाला प्रवासात पुरावी म्हणून आणलेली बाबका, म्हणजे बटाटा किसून भट्टीत भाजलेला तो आमचा जाड ठोकळा, कापून वाटून टाकली. मला कडेचा करपलेला तुकडा मिळाला.

"आई, आपल्याला राहिलंच नाही काही."

"तुम्ही कोरडे आहात ना? मग झालं तर."

दुपार सरत चालली. सेवेरिन सारखं घड्याळ बघत होता, मी त्याच्या घड्याळाकडे बघत होतो. सासूबाई मात्र पावसाकडे बघत होत्या, आणि मी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा माझाच राग मला लाजिरवाणा वाटला. आयुष्यभराची एक इच्छा, ती दारात येऊन अडकलेली, आणि ही बाई नर्सेसना मोजे पिळायला मदत करत होती. असं मन मला मिळालं असतं तर माझं रक्तदाब मोजायचं यंत्र मी केव्हाच विकून टाकलं असतं.

शेवटी विजा दूर गेल्या. "एकच फेरी!" सेवेरिन ओरडला. "मग कुलूप!"

नर्सेसच्या होड्या पुढे, आमची बोट शेवटी. हौद काठोकाठ भरलेला होता, बोटीची कड आणि दगडी काठ अगदी बरोबरीला. सासूबाई मधल्या फळीवर बसल्या, हात मांडीवर, केसांना रुमाल. बोगनानं माझा हात दाबला. सेवेरिननं मागच्या फाटकाची एक बाजू लावली. दुसरी बाजू मात्र वाऱ्यानं जड झाली होती, अर्ध्यात अडली. तो पलीकडून ओरडला, "अहो, तिकडची बाजू जरा कुणीतरी रेटा!"

मी दोर सोडून उठेपर्यंत फाटक लागलंसुद्धा. सेवेरिननं पुढची झडप उघडली, पाणी खळाळत जायला लागलं, बोट खाली जायला लागली. मग इगा किंचाळली, "आजी!"

मधली फळी रिकामी होती. सासूबाई वर काठावर होत्या, तुळईला पाठ लावून, पाय रोवून, आणि चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचं समाधान! कुणीतरी रेटा म्हटलं की आपण रेटायचं, एवढंच त्या पाठीला ठाऊक होतं. आमच्या किंचाळण्यानं त्या भानावर आल्या, वाकून खाली बघितलं. तोवर आम्ही पुरुषभर खाली गेलो होतो.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. मग हसल्या. "असू दे, असू दे. मी पायवाटेनं येते, खाली बसते बोटीत. काय फरक पडतो?"

"फरक पडतो!" मी इतक्या जोरात ओरडलो की हौद घुमला. "सेवेरिन, परत भरा!"

"साहेब, वेळ संपली..."

"त्याला कशाला ओरडता?" सासूबाईंनी वरून मलाच झापलं. "आमचे बाबासुद्धा एका माणसासाठी हौदभर पाणी फुकट घालवत नसत. रीत म्हणजे रीत."

खालचं फाटक उघडलं. नर्सेस बाहेर पडल्या. मी बोट हलवली नाही. दोर भिंतीच्या कडीत अडकवून हाताची घडी घालून बसलो. बोगनानं मला ढोसलं नाही, यातच सगळं आलं.

"काय हो, जायचं नाही का?" सेवेरिननं विचारलं.

"जायचंय. वर. आम्ही आता वरच्या तळ्याकडे निघालोय."

सेवेरिननं एकदा घड्याळ बघितलं. मग सासूबाईंकडे वळला. "मावशी, बोट खालून वर निघाली तर फाटकवाल्याला नाही म्हणता येतं?"

सासूबाई चिडल्या. "नाही येत! पण हे लबाडी करताहेत."

"ते त्यांचं ते बघतील. मी आपली रीत पाळतो." आणि त्यानं खालचं फाटक लावायला घेतलं.

तेवढ्यात नर्सेस होड्या बांधून पायवाटेनं धावत वर आल्या. फाटक रेटायला तिघी एका बाजूला, तिघी दुसऱ्या. त्यातली धिप्पाड होती ती म्हणाली, "आजी, तुम्ही फक्त उभ्या राहा. कशालाही हात लावलात तर इंजेक्शन देईन!"

हौद भरत गेला. आम्ही हळूहळू वर आलो, आणि सासूबाईंचे आधी बूट दिसले, मग काठी, मग चेहरा. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि बोटीत पाऊल टाकलं. इगानं त्यांचा झगा मुठीत घट्ट पकडून ठेवला.

झडप उघडली. बोट उतरायला लागली. ओल्या भिंती दोन्ही बाजूंनी वर वर चालल्या, शेवाळ, दगड, दगडांतून ठिबकणारं पाणी. सासूबाईंनी जाता जाता भिंतीला हात लावला. मग मान वर केली. सहा नर्सेस आणि सेवेरिन काठावर ओळीनं उभे होते, आभाळाला टेकल्यासारखे.

"आम्ही खालून एवढे उंच दिसायचो तर," त्या म्हणाल्या.

"तुम्ही आम्हाला अजूनही तेवढ्याच उंच दिसता, आई," मी म्हणालो. एरवी माझ्या तोंडून असं काही निघत नाही.

पुढचं फाटक उघडलं, खालच्या तळ्याचा उजेड आत आला. आम्ही बाहेर पडलो तसे वरचे सातही जण एका आवाजात ओरडले, "तळाखाली वीतभर पाणी असू दे!"

सासूबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. हा आशीर्वाद त्यांनी शेकडो वेळा दिला होता, घेतला कधीच नव्हता. घ्यायचा कसा तेच त्यांना कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे भरून वाहत होते.

"काय म्हणायचं असतं हो, विटोल्ड?"

मी म्हणालो, "काही नाही, आई. नुसता हात हलवायचा."

मग त्यांनी हात हलवला. तळ्याच्या वळणावर हौद दिसेनासा झाला तरी त्यांचा हात खाली आला नव्हता.