पायाळू दिवाकर आणि कॅरमची फायनल

कॅरमच्या फायनलच्या सकाळीच श्यामकांतचा स्ट्रायकर पलंगाखाली गेला. काढायला वाकला, तर कंबरेत अशी चमक भरली, की माणूस तसाच राहिला, नळाच्या तोटीसारखा.

ऑफिसच्या स्पर्धेत तो दरवर्षी दिवाकरकडून हरायचा. यंदा त्याला हरवायचंच, म्हणून घरात तोंडाला पावडर नव्हती, सगळी बोर्डावर.

पुतणी निधी वेटलिफ्टर. पाठ धरल्यामुळे पट्टा बांधून तीही घरीच.

"मुझे तो सौ किलो उठाने में लगी, काका. तुम्हें?"

"स्ट्रायकर," श्यामकांत फरशीला म्हणाला.

निधी हसली आणि तिचीच पाठ कळवळली.

"पायाळू पाहा," बायको वनमाला म्हणाली. "पायांकडून जन्मलेला माणूस. त्याची लाथ लागली का चमक गायब."

"आपल्या वळखीत कोण हाय?"

वनमालानं कारची किल्ली उचलली. "दिवाकर."

नव्या रायपूरच्या मोकळ्या रस्त्यानं वनमालानं कार हाणली. मागच्या सीटवर श्यामकांत ओणवा, पुढं पट्ट्यासकट निधी.

ऑफिसात दिवाकर बोर्ड पुसत होता. "काहून रे, खेळाच्या आधीच पाया पडून राहिला?"

"पायाळू हायस ना? मार लाथ! नाही त लोक म्हणतीन, दिवाकरनं वाकड्याले हरवलं."

"हव! असा चान्स कोण सोडते, भैया?"

"हळूच लावा, भाऊजी!" वनमाला ओरडेपर्यंत दिवाकर दरवाज्यापासून धावत आला होता.

कट्! श्यामकांत झेंड्याच्या खांबासारखा सरळ. टाळ्या!

कट्! दिवाकर दुमडला.

खेळ सुरू झाला. वाकलेल्या दिवाकरची हनुवटी बोर्डाच्या काठाला, डोळा नेमका सोंगट्यांच्या रेषेत. राणी गेली, कव्हर गेलं. इकडे श्यामकांतची कंबर वाकेना. बसता येईना, उभ्यानं हात पोचेना.

"बोर्ड उठाऊँ, काका?" निधीनं पट्टा आवळला.

"खबरदार!" वनमाला कडाडली.

पहिला बोर्ड दिवाकरनं मारला. श्यामकांतनं दिवाकरकडे पाठ केली. "अर्धी लाथ वापस घे ना, भाऊ."

"माहा पाय उठत नाही आता."

मग श्यामकांतनं स्ट्रायकर मुद्दाम खुर्चीखाली ढकलला आणि सगळा जोर लावून वाकला.

कट्!

"हं, चाल आता," बोर्डाला हनुवटी टेकवून तो म्हणाला, आणि उरलेले सगळे बोर्ड मारले.

बक्षिसाच्या फोटोत दोघंही ओणवेच. चेहरे नाहीत, नुसती दोन टकलं, आणि कप डावीकडच्याच्या हातात. श्यामकांत येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो, "डावीकडचं माहं."

दिवाकरही तेच सांगतो.